तेलाला अंग पाहिजे

श्रीगोंद्याकडं एका लग्नात नवरीची पाठवणी चालली होती. नवरी आईच्या गळ्यात, आई नवरीच्या गळ्यात, दोघींनी मिळून मांडव हलवून सोडला होता. आणि ज्या गाडीतनं नवरीला जायचं तिचं बॉनेट सताड उघडं. झेंडूच्या माळा दोन्हीकडं सारून एक म्हातारा कमरेपर्यंत आत वाकलेला. नवरदेव बाशिंग बांधून शेजारी उभा, आपल्याच गाडीत बसायची परवानगी मागायला आल्यासारखा. म्हाताऱ्यानं आतनं तेल मोजायची पट्टी उपसली. टोकाचं तेल दोन बोटांत चोळलं, हुंगलं, बोटं उन्हाकडं धरून बघितली आणि नवरदेवाला विचारलं, "हे तेल कवा बदललं?"

नवरदेव म्हणाला, गाडी भाड्याची आहे.

"भाड्याच्या गाडीला पोट नसतं व्हय?"

तेवढ्यात नवरीचं रडणं थांबलं. गाडीपाशी काय झालंय ते बघायला ती आईच्या खांद्यावरनं वाकली, आणि एकदा थांबलेलं रडं काही परत येईना. आई एकटीच रडत राहिली. तिकडच्या बाया अजून म्हणतात, त्या म्हाताऱ्यानं पाठवणीचा इस्कोट केला.

तो म्हातारा म्हणजे आमचा नाना. आणि त्याला त्या लग्नाला घेऊन गेलेला शहाणा मी.

नाना आणि मी भिंगारला एकाच गल्लीत राहतो. त्याचं दार माझ्या दारासमोर. तो मिलिटरीच्या वर्कशॉपात सिव्हिलियन फिटर होता. जन्मभर ट्रकांच्या खाली उताणा पडून राहिला आणि रिटायर झाल्यावर उठून बसला. मी टेम्पोवाला. नगरच्या मार्केटात कांदा टाकायचा, परत यायचं, परत कांदा भरायचा. शाळा चौथीत सोडली ती सोडलीच. टेम्पो मी विकला. आता एक जुनी मोटारसायकल तेवढी आहे.

नानाकडं तर सायकलसुद्धा नाही. ही खरी गंमत. ज्याच्या घरात गाडी नाही त्या माणसाला गावातल्या प्रत्येक गाडीच्या पोटातलं तेल ठाऊक. सकाळी दूधवाल्याची, मग भाजीवाल्याच्या टेम्पोची, मग शाळेच्या गाडीची. कोणी नको म्हणत नाही, कारण नको म्हणलं तर नाना विचारतो, "का? लपवायसारखं काय हाय?" राम राम नाही, नमस्कार नाही. माणूस दिसला की पहिला शब्द, "तेल बघितलं का?" मयतीला आलेल्या पाहुण्यालासुद्धा त्यानं स्मशानाच्या फाटकात हेच विचारलंय. मी शेजारी होतो. पाहुण्यानं खाली मान घालून, नाही म्हणून सांगितलं.

तेल बघून झालं की बोटं पुसायची जागा ठरलेली. उजवी मांडी. त्याच्या एकूण एक पायजम्यांवर उजवीकडं मांडीपासून गुडघ्यापर्यंत काळा पट्टा. तो डाग कुठल्या साबणानं जात नाही. धोब्यानं हात टेकले. फक्त त्याची बायको, आमच्या इंदूवहिनी, रॉकेल लावून, ब्रशानं घासून, परत साबण लावून, काय काय करून तो घालवतात. पण इंदूवहिनी असतात पुण्याला. पोरगा महेश आणि सून दोघं नोकरीला जातात, नात लहान, तिला सांभाळायला आजी गेली ती तिकडंच अडकली. म्हणून नाना डागाळलेले पायजमे धूत नाही. बोचकं बांधून खुंटीला टांगून ठेवतो. वहिनी आल्या की बोचकं सुटतं.

तुम्ही म्हणाल, मग नाना का जात नाही पुण्याला? गेला होता की. फ्लॅटखाली गाड्या लावायची मोठी जागा आहे. नानाला वाटलं आपण स्वर्गात आलो. दोन दिवस त्यानं एकेकाच्या गाडीशी ओळख करून घेतली. तिसऱ्या दिवशी सोसायटीचा वॉचमन त्याच्या दंडाला धरून वर घेऊन आला आणि सुनेला म्हणाला, हे आजोबा लोकांना बॉनेट उघडायला लावतात. सून काही बोलली नाही, चांगली आहे ती. पण नाना समजायचं ते समजला. आता दिवाळीला जातो, घरातनं खाली उतरत नाही, चार दिवसांत परत.

आणि वहिनींना एसटी लागते. सुप्याच्या पुढं आली की बाईचं तोंड पिवळं पडतं. त्या येणार तर महेशच्या गाडीतनंच येणार.

एकदा मी नानाला अकोले तालुक्यात घेऊन गेलो, माझ्या सासुरवाडीला. भंडारदऱ्याच्या अलीकडं चढाला जीप माणसांनी गच्च भरलेली. नाना एकदम ओरडला, थांबव, तेल जळतंय. ड्रायव्हर घाबरला. सगळी माणसं उतरवली, कोंबडी उतरवली, एका बाईचं गाठोडं उतरवलं. बॉनेट उघडलं. आत सगळं ठीक. नानानं हुंगत हुंगत वास काढला तो त्या बाईच्या गाठोड्यातनं. स्टँडवरनं पोरांसाठी वडे घेतले होते तिनं. माणसं नानाला मारायच्या बेतात. नाना मात्र शांत. बाईला म्हणाला, "वडेवाल्याला सांगा, तेल बदलायला झालंय."

माझी बायको विमल या माणसाला बरोबर ओळखून होती. तेल बोटात धरून नाना बोटं हळूहळू फाकवायचा, तार धरते का बघायला. विमल म्हणायची, "भाऊजी, पाक एकतारी झाला का बघा, म्हणजे लाडू वळायला घेते." नाना हसायचा नाही. म्हणायचा, "वैनी, तेलाला अंग पाहिजे. अंग नसलेलं तेल म्हंजी पानी." मग ती त्याला मोरीत पाठवायची, राखेनं हात घासायला लावायची, तेव्हा कुठं चहा. रोज हेच. आणि रोज नवं असल्यासारखं.

गेल्या वर्षी संक्रांतीच्या आधी विमल गेली. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी दवाखाना, आणि संपलं. त्यावर मी जास्त लिहिणार नाही. लोक आले. कोणी म्हणालं देवाची मर्जी, कोणी म्हणालं सोनं झालं, सवाष्ण गेली. मी एकाला म्हणलं, तुझ्या घरात असं सोनं झालं तर मला सांग, मी बी येतो बघायला. त्यानंतर जरा वर्दळ कमी झाली.

नाना आला तो उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, "तात्या, गाडीचं तेल बघितलं का?"

मी त्याला शिवी दिली. लिहिण्यासारखी नाही. त्यानं ती घेतली, ओट्यावरनं खाली उतरला, माझ्या मोटारसायकलपाशी उकिडवा बसला, झाकण काढून बघितलं. मग किक मारून गाडी चालू केली आणि नुसती धडधडत ठेवली. उभी गाडी आवाज करत होती आणि तो तिच्याशेजारी बसला होता. किती वेळ कुणास ठाऊक. मला भूक लागली ती त्या आवाजानं. त्या दिवशी मी जेवलो.

असा हा माणूस. आता त्याच्या युद्धाचं सांगतो, म्हणजे का सांगतोय ते कळेल.

महेशनं गाडी घेतली तेव्हा नानानं एकच अट घातली. गाडीचं तेल मीच बदलणार. दुसऱ्या कोणी नट ढिला करायचा नाही. महेशही गुणी, दर तीन-चार महिन्यांनी गाडी घेऊन भिंगारला यायचा. नाना गल्लीतच गाडीखाली पोतं अंथरून शिरायचा. जुनं तेल घमेल्यात, नवं तेल वरनं. दोन दिवस राहून मंडळी जायची. त्या दोन दिवसांत नाना गल्लीत असा हिंडायचा जसं काही त्याच्या घरी जत्रा आहे.

मग विमल होती तेव्हाच एक दिवस महेश सिंथेटिक तेलाचा डबा घेऊन आला. म्हणाला, नाना, तुमचे गुडघे दुखतात, कशाला सारखं गाडीखाली झोपायचं? हे तेल दुप्पट-तिप्पट चालतं. एकदा घातलं की वर्षभर बघायला नको.

पोरगा बापाच्या काळजीनं बोलला. पण त्या दिवसापासनं नाना आणि सिंथेटिक तेल यांचं जे जुंपलं ते जुंपलंच. भिंगारच्या बाजारात अस्लमचं स्पेअर पार्टचं दुकान आहे. नाना रोज तिथं जाऊन सिंथेटिकच्या डब्यांकडं असा बघायचा, जसं ते डबे त्याच्या घरात चोरी करून आलेत. दुकानात गिऱ्हाईक आलं की म्हणायचा, "साधं तेल घ्या. त्याला अंग हाय." अस्लमचा धंदा बसायची वेळ आली. त्यानं मला बोलावून घेतलं. म्हणाला, "तात्या, यांना समजाव. तुझं ऐकतील."

मला कुठं काय कळत होतं? आम्ही टेम्पोत जे मिळेल ते तेल ओतलं. मग अस्लमनं मला बसवून समजावलं. साधं तेल जमिनीतनं निघतं, ते गाळून-चाळून साफ करतात, पण त्यातले कण लहान-मोठे राहतातच. सिंथेटिक कारखान्यात घडवतात, त्याचे कण सगळे एका मापाचे.

मी म्हणलं, थांब. कळलं. म्हणजे साधं तेल हा खळ्यावरचा कांदा. त्यात बारीक गोल्टी आहे, मोठा आहे, एखादा जोडकांदा आहे. सिंथेटिक म्हणजे निवडून, एका मापाचा, बाहेर देशी पाठवायचा माल. आता गोणीत आधी कोण सडतं? गोल्टी. एक सडली की शेजारची सडते. एका मापाचा, सुकलेला कांदा मात्र महिनोन् महिने टिकतो. अस्लमनं कपाळाला हात लावला. म्हणाला, वीस वर्षं तेल विकतोय, हे असं मला सांगता आलं नाही.

मी तावातावानं नानाकडं गेलो. सगळा कांदा त्याच्यापुढं ओतला. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "गोल्टीला चव जास्त असती का न्हाई?"

या माणसाशी काय बोलणार?

मध्ये दिवाळी गेली. तेलाला वर्ष होत आलं आणि महेशचा फोन आला, येत्या रविवारी येतो. नाना माझ्याकडं पळतच आला. एका पायात चप्पल. म्हणाला, "तात्या, या टायमाला काय वाट्टेल ते होऊ दे. गाडीत साधं तेल गेलं पाहिजे." मी म्हणलं, पोराची गाडी, त्याचं इंजिन, तुला काय पडलंय? तो म्हणाला, "गेलं पाहिजे." मी त्याच्या तोंडाकडं बघितलं. वर्कशॉपात एवढ्या वर्षांत साहेबाच्या शिव्या खाल्ल्या असतील तेव्हासुद्धा त्याचा चेहरा असा झाला नसेल. म्हणलं, बरं. काय करायचं?

त्यानं ठरवलं होतं, परीक्षा घ्यायची. दोन्ही तेलं समोरासमोर. साधं जिंकलं की पोराला तोंडच उरणार नाही. आणि परीक्षा माझ्या घरात, कारण फ्रीज माझ्याकडं आहे.

खोकल्याच्या औषधाच्या दोन रिकाम्या बाटल्या. एकीत साधं, एकीत सिंथेटिक. दोन्ही बर्फाच्या खणात. दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून, गंध लावून नाना हजर. बाटल्या काढल्या, आडव्या केल्या. सिंथेटिक हळूच सरकलं आणि तोंडापाशी आलं. साधं तेल जागचं हललं नाही. थंडीतल्या मधासारखं बसलेलं.

नाना नाचायचा बाकी राहिला. "बघ. अंग बघ त्याचं. हालतंय का? पैलवान हाय पैलवान."

मी म्हणलं, नाना, पहाटे थंडीत गाडी चालू केली, तर तुझा हा पैलवान अंथरुणातनं उठणार कधी आणि वर जाणार कधी? तोवर इंजिन कोरडंच घासायचं?

नाना बसला. मग म्हणाला, थंडीचं सोड, उन्हाळ्याचं बघू. तापवू.

स्वयंपाकघरात जाऊन त्यानं फोडणीची पळी उचलली. विमलची. कडेला जराशी चेपलेली, लोखंडी. मी ती त्याच्या हातातनं काढून घेतली. परत जागेवर ठेवली. तो समोरच्या घरात गेला आणि दोन पळ्या घेऊन आला. म्हणाला, "आमच्या हिच्या हायत. ती कुठं बघाया येती?"

गॅसवर दोन पळ्या. थोड्या वेळात साध्या तेलानं धूर सोडला. मग एवढा सोडला की शेजारची पोरं खोकायला लागली. मग ते काळं पडून कडेला चिकटलं. सिंथेटिकही तापलं, पण त्याचं डोकं ठिकाणावर राहिलं. मी खिडक्या उघडल्या. नाना त्या काळ्या पळीकडं बघत राहिला.

"हरलं," मी म्हणलं.

"व्हय," तो म्हणाला. पहिल्यांदाच. मग जरा वेळानं, "तात्या, रविवारी महेशला सांगू, परीक्षा घेतली. तुझ्या घरात घेतली. तू फकस्त मान हालव."

मला खोटं बोलता येत नाही. सद्गुण म्हणून सांगत नाही, जीभच तशी आहे. विमल म्हणायची, तुमच्या तोंडाला दार नाही, नुसती चौकट आहे. मी नानाला हो म्हणलं नाही, नाही पण म्हणलं नाही.

रविवारी गाडी आली. सगळी गल्ली बाहेर. नात झोपलेली, तिला आत नेऊन टाकलं. वहिनी उतरल्या, मला म्हणाल्या, "भाऊजी, वाळलात हो." मी म्हणलं, तुम्ही बी काही फुगला नाहीत. खुंटीवरचं बोचकं खाली आलं. किती पायजमे निघाले त्यातनं! वहिनी ओसरीसमोर मोरीच्या दगडावर बसल्या, रॉकेलची बाटली, ब्रश, साबण घेऊन. आणि नाना गाडीखाली. काय त्याचा उत्साह सांगू. नट ढिला करताना गाणं म्हणत होता. जुनं तेल घमेल्यात पडलं, तोवर सगळं छान.

मग महेशनं मागनं डबा काढला. सिंथेटिक.

नाना गाडीखालनं बाहेर आला. पाठीला पोत्याचे धागे. म्हणाला, याला अंग नाही. महेश वैतागला नाही. गाडीबरोबर आलेलं पुस्तक उघडलं, बोट ठेवून दाखवलं, नाना, या इंजिनला पातळच तेल लागतं, कंपनीनंच सांगितलंय. घट्ट घातलं तर उलट त्रास. नाना पुस्तकाकडं बघेना. म्हणाला, "तात्याला इचार. याच्या घरात परीक्षा घेतलीय आमी."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. दुकान बंद करून तमाशा बघायला आलेला अस्लमसुद्धा.

महेश हसून म्हणाला, "सांगा तात्या. काय झालं परीक्षेत? एकदा हे घातलं की वर्षभर यायची भानगडच नाही, एवढं साधं आहे."

मी नानाकडं बघितलं, मान हलवू का नको या विचारात. आणि नाना माझ्याकडं बघतच नव्हता. डब्याकडं नाही, इंजिनकडं नाही. तो मोरीकडं बघत होता. वहिनी पाठमोऱ्या बसून पायजम्याचा पट्टा घासत होत्या, खसाखसा, आणि तो त्यांच्या पाठीकडं बघत होता. पोराच्या तोंडातला शब्द अजून हवेत होता. वर्षभर.

अरे देवा. साधं तेल म्हणजे तीन महिने. सिंथेटिक म्हणजे वर्ष. एवढाच फरक होता त्या दोन तेलांत. बाकीचं सगळं, अंग आणि तार आणि पैलवान, नुसता धूर.

आणि विमलचं आठवलं. सिंथेटिकचा तो पहिला डबा आला त्या दिवशी रात्रीचं ताट वाढताना ती म्हणाली होती, "भाऊजींना तेल कुठं पाहिजे हो?" मी म्हणलं होतं, मग काय पाहिजे? ती म्हणाली, "जेवा."

मी मान हलवली नाही. म्हणलं, "महेश, परीक्षा झाली. गारठ्यात झाली, गॅसवर झाली. साधं तेल दोन्हीकडं आपटलं. तुझं तेल चांगलंय."

नानाचे खांदे असे उतरले की मला बघवेना. त्यानं फडकं उचललं आणि उगाच हात पुसायला लागला.

"पण एक सांग," मी म्हणलं. "तेल वर्षभर टिकतं, कबूल. इंजिन त्यातलं घोट घोट पितं का न्हाई? मी जल्मभर टेम्पो चालवलाय. पातळी खाली गेली आन् तुला पुण्यात कळलंच न्हाई, तर तुझं हे गुणाचं तेल काय करणार? पट्टी महिन्याला बघायलाच लागती. साधं असो का सिंथेटिक."

अस्लम म्हणाला, ते मात्र बरोबर आहे. तो डबे विकतो, पण माणूस सरळ आहे.

महेश म्हणाला, "पट्टी काय, मी पण बघतो की."

मोरीवरचा खसाखसा आवाज थांबला. वहिनींनी मान वळवली नाही. तशाच पाठमोऱ्या म्हणाल्या, "कुठं बघतो रं? तुला बॉनेटची कळ सापडंना गेल्या टायमाला. यांनाच दाखवायची. म्हैन्याला. मी बी येत जाईन गाडीबरबर, पोरीला घेऊन. तुला कट्टाळा आला तर सुनबाईला गाडी येती." आणि परत घासायला लागल्या.

महेशनं आईच्या पाठीकडं बघितलं, मग बापाकडं. बाप फडक्यानं कोरडेच हात पुसत होता. पोरगं शिकलेलं असलं तरी बावळट नाही. त्यानं पुस्तक मिटलं. "महिन्याला तर महिन्याला," म्हणाला. "इंजिनची रिस्क नको."

नानानं डबा घेतला. झाकण फिरवलं. मी त्याला आयुष्यात एवढ्या जपून तेल ओतताना बघितलेलं नाही. एक थेंब बाहेर नाही. शेवटचा थेंब पडेपर्यंत डबा उलटा धरून उभा. मग पट्टी घातली, उपसली, बोटांत चोळली, हुंगली, उन्हाकडं धरली.

"वाईट न्हाई," नाना म्हणाला. "पातळ हाय. पन गुनी हाय."

अस्लमनं मोठ्यानं श्वास सोडला. वर्षभर अडवून धरलेला असावा.

दुसऱ्या दिवशी गाडी गेली. नाकापर्यंत पदर घेऊन वहिनी पुढं बसल्या, काच खाली करून मला म्हणाल्या, यांच्याकडं बघा. मी म्हणलं, बघायला काय उरलंय यांच्यात? त्या हसल्या. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत नाना रस्त्याच्या मधोमध उभा होता, मागनं येणारा टेम्पो हॉर्न वाजवत होता तरी.

मी म्हणलं, चल, बाजारात चक्कर मारू. अस्लमच्या दुकानासमोर एक नवी जीप उभी. नानाचा पाय आपोआप तिकडं वळला. ड्रायव्हरला विचारलं, तेल बघितलं का, आणि उत्तराच्या आत पट्टी उपसली. चोळली, हुंगली. हात सवयीनं उजव्या मांडीकडं गेला आणि मध्येच थांबला. पायजमा दुधासारखा पांढरा. तिच्या हातचा. त्यानं मांडीकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मग वाकून माझ्या धोतराला दोन्ही बोटं पुसली. सावकाश, उलटी-सुलटी करून.

मी म्हणलं, "नाना, विमल न्हाई आता. हे धुणार कोन?"

तो पट्टी परत घालत होता. वर न बघता म्हणाला, "म्हैन्यानं ही येनार हाय की. तुझं बी टाक माझ्या बोचक्यात."

घरी येऊन मी धोतर बदललं. पट्टा वर येईल अशी घडी घातली आणि समोरच्या घरी जाऊन बोचक्यात बांधून खुंटीला टांगून आलो. बोचक्यात अजून दुसरं काही नव्हतं.